नवसाचं खुराडं

माझ्या सासूबाईंना देवाशी भांडायची सवय आहे. भांडायची म्हणजे समोरासमोर, कंबरेवर हात ठेवून. प्रेमा त्यांचं नाव. माहेर आणि सासर दोन्ही मालवणकडचं. लग्न करून गोरेगावात आल्या त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण देवाशी बोलायचं झालं की गावचीच भाषा तोंडात येते. देवाला मुंबईची मराठी कळत नाही अशी त्यांची खात्री आहे. गॅस संपला तरी देवाला ऐकवतात. एकदा माझं काम सुटलं तेव्हा त्यांनी गावच्या राखणदाराला असं काही झापलं होतं की मलाच बिचाऱ्याची दया आली.

राखणदार म्हणजे आमच्या गावाची वेस सांभाळणारा देव. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही, वडाखाली एक दगड आहे. वर्षातून एकदा त्याला कोंबडा द्यायचा, त्याला राखण देणं म्हणतात. आणि मागणं मागायचं असेल तर गाऱ्हाणं घालायचं. एकाने मोठ्या आवाजात देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तसं म्हटलं की आपण त्या शब्दाचे साक्षीदार झालो, मग तो फिरवता येत नाही. मी चेंबूरची. हे सगळं मला कोण सांगणार? माझ्यासाठी ते देवाला म्हटलेलं आमेन होतं, एवढंच.

माझा नवरा सुबोध कबुतरांच्या जाळ्या लावायचा. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जेवढे टॉवर उभे राहिलेत, त्यातल्या कितीतरी खिडक्या-गॅलऱ्यांना त्याच्या हातची जाळी आहे. गच्चीवरून दोरीला लटकून खाली यायचं, ड्रिल मारायचं, हुक बसवायचे, जाळी ताणायची. मला बघवायचं नाही. तो मात्र वरून फोन करायचा, "इथून आपलं घर दिसतंय गं!" एक दिवस दोरी बांधलेला पाइपच उखडला. सुबोध दोन मजले खाली एका छज्ज्यावर आदळला म्हणून वाचला. कंबर आणि डावा पाय मोडला. ऑपरेशन झालं, पायात पट्टी बसली, हाडं जुळली. डॉक्टर म्हणाले, "आता चाला." हा चालेना.

चालेना म्हणजे दुखत होतं म्हणून नाही. पाय खाली टेकवला की म्हणायचा, जमीन खाली जाते. घामाने डबडबायचा, परत कॉटवर पडून भिंतीकडे तोंड करायचा. आमचं घर आरेच्या कडेला, बैठ्या चाळीतलं शेवटचं. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे चिमूटभर अंगण. आई, म्हणजे सासूबाई, त्याला मागीलदार म्हणतात. तिथे तुळस, कपडे धुवायचा दगड, एक पेरूचं झाड, मग कंपाऊंडची भिंत आणि भिंतीपलीकडे जंगल. सुबोधची कॉट स्वयंपाकघरातच मागच्या खिडकीला लावलेली. मी सकाळी स्टुडिओत कामाला जायची, तिथे मी कपडेपटात आहे, नट्यांचे घागरे इस्त्री करते. संध्याकाळी घरी आले की दोघं सकाळी सोडली तशीच. एक भिंतीकडे तोंड करून पडलेला, एक त्याच्या पायाशी बसलेली. खोटं कशाला बोलू, कधीकधी दारातूनच परत फिरावंसं वाटायचं.

अशाच एका संध्याकाळी आईंनी मला हाताला धरून मागीलदारी नेलं. सुबोधला गोळीने झोप लागली होती, तरी मागचं दार आणि खिडकी ओढून घेतली, तुळशीपुढे नारळ ठेवला, दक्षिणेकडे म्हणजे गावाकडे तोंड केलं आणि सुरू झाल्या.

"बा देवा म्हाराजा! तू राखणदार म्हणवतंस आणि माझो झील तुझ्या देखत पडलो. मेल्या, तू खय होतंस तेव्हा?"

आणि कोपराने मला ढोसलं. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"ता जावंदे. आता ऐक. माझो झील ह्या मागीलदारी आपल्या पायांनी चलताना माझ्या ह्या डोळ्यांनी बघलंय, की तुका कोंबो दितलंय. बाजारातलो नाय. घरात वाढवलेलो."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. गॅसवर दूध होतं, माझं अर्धं लक्ष तिकडे.

दुसऱ्याच दिवशी त्या आरेतल्या पाड्यावर गेल्या आणि ओळखीच्या बाईकडून गावठी कोंबडीची पाच पिल्लं टोपलीत घालून आणली. महिना-दीड महिन्याची, नुकती पिसं फुटलेली. मी कपाळाला हात लावला. घरात एक माणूस अंथरुणाला खिळलेला, त्यात ही चिवचिव! पण आई कुणाचं ऐकतायत? मी कामावरून तुटलेल्या सेटचं प्लाय आणून ठेवलं होतं, पावसाळ्यात दाराला लावायला. ते त्यांनी ठोकून ठोकून पेटी केली. चारी बाजूंनी बंद, वरून गोणपाट, दाराशी दगड. गावाला त्यांच्या लहानपणी खुराडं असंच असायचं. रात्री मुंगूस येतं, उदमांजर येतं, पावसाचं वारं झोडपतं, म्हणून फट म्हणून ठेवायची नाही. सुबोधला यातलं एवढंच सांगितलं की अंड्यांसाठी पाळल्यात. नवसाबद्दल अवाक्षर नाही.

ऑक्टोबरचा उकाडा. पंखा फुल करूनही आमचीच अंगं चिकचिकत होती. सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर पिल्लं चोची वासून, पंख फाकून धापा टाकत होती, आणि एक कोपऱ्यात मरून पडलेलं. आई मटकन खाली बसल्या.

"आई, गुदमरलं ते." खिडकीतून आवाज आला. मी वळून बघितलं. कितीतरी दिवसांनी सुबोधचं तोंड खिडकीकडे होतं. "रात्रभर ऐकतोय मी. त्यांना मालवणच्या पावसातलं घर करून दिलंस तू. इथे थंडी कुठे आहे? जानेवारीत पण आपण पंखा बंद करत नाही. त्यांना ऊब नको, हवा पाहिजे."

"मगे मुंगूस?" आई म्हणाल्या.

"जाळी कशाला असते? श्रुतिका, पेन्सिल दे."

कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्याने पडल्या पडल्या खुराडं काढलं. मी चहा घेऊन बाजूला उभी होते. रेघ मात्र सरळ होती. पश्चिमेकडची एकच बाजू बंद, कारण आमच्याकडे पाऊस तिकडून मारतो. बाकी तिन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत जाळी. छप्पर उतरतं, आणि भिंतीच्या पुढे चांगलं हातभर आलेलं, म्हणजे तिरपा पाऊस आत येणार नाही. छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये नुसत्या जाळीची मोकळी पट्टी, गरम हवा वर जाऊन तिथून निघून जाईल. सगळं खुराडं चार पायांवर उचललेलं, जमिनीची ओल लागणार नाही, खालून वारा फिरेल आणि खाली उंदराने बीळ केलं तर दिसेल. जागा पेरूच्या पूर्वेला, म्हणजे दुपारनंतर सावली.

"तुझीच जाळी लाव की," मी म्हटलं. "माळ्यावर अख्खा गठ्ठा पडलाय."

"वेडी आहेस का? ती नायलॉनची. कबुतर अडेल तिच्यात, मुंगूस दाताने कापून आत येईल. वेल्डिंगची जाळी आण, बारीक चौकटीची. आणि कडी एक नको, दोन. वाघ भिंतीवरून येतो इथे, कुत्री तर सोड." आमच्या चाळीत बिबट्याला वाघच म्हणतात. मग तो जरा थांबला. "आणि बसायचा दांडा गोल पाहिजे. पायाची बोटं पूर्ण वळली पाहिजेत त्याच्यावर. झोपेत पक्कं धरता आलं पाहिजे. पडणं काय असतं ते मला माहितीय."

मी चहा तिथेच ठेवून पुढच्या खोलीत गेले आणि तोंडात ओढणी कोंबून रडले.

बांधायचं काम आईंचं, रविवारी माझं. आणि आई काय चुकायच्या, बापरे! दांडा लावला तो अंडी घालायच्या खोक्याच्या वर. सुबोध खिडकीतून ओरडला, "अगं, वरून घाण पडेल ना अंड्यांवर!" काढला, परत लावला, आता तिरका. छपराचा उतार केला तो नेमका घराच्या भिंतीकडे. "आई, उलटं गं! पाणी आपल्या चुलीत येईल!" ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. पडून दिसेना म्हणून उठून बसला. बसून दिसेना म्हणून खुर्ची मागितली. खुर्चीतून पेरूची फांदी आड यायला लागली तेव्हा वॉकर धरून खिडकीशी उभा राहिला. घाम फुटला होता, पण उभा राहिला. मला नंतर वाटायला लागलं की आई मुद्दाम चुकतायत. आयुष्यात एक करंजी वाकडी न केलेली बाई, तिला दांडा सरळ लावता येत नाही? विचारलं तर म्हणाल्या, "माका काय कळता त्यातला?" आणि खिळा अजून एकदा वाकडा मारला.

खुराडं झालं तेव्हा चाळीतली माणसं बघायला आली. सेटच्या प्लायवर राजवाड्याची भिंत रंगवलेली होती, खांब, मोर, कमानी. त्यामुळे आमच्या कोंबड्या पश्चिमेच्या बाजूने राजवाड्यात राहत होत्या. आणि दार उघडायची तऱ्हा सुबोधची. त्याची कामाची दोरी मी फेकून देणार होते, ती त्याने मागून घेतली. छताला कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीचं टोक खिडकीतून थेट कॉटला. सकाळी कॉटवरून ओढली की दार वर. त्या दोरीला हात लावताना पहिल्यांदा त्याचे डोळे गच्च मिटले होते. मग सवय झाली.

चार पिल्लांत एक नर निघाला. तांबडा-काळा, लांब पायांचा, शेपटी सांडलेली. तुरा फुटला त्या दिवशी आईंनी गुपचूप त्याच्या डोक्यावर कुंकू आणि तांदूळ टेकवले आणि पुटपुटल्या, "हो तुझो." म्हणजे हा आता देवाचा. मी बघितलं. सुबोध अंघोळीला बसला होता, त्याला कळलं नाही. त्याने त्या कोंबड्याचं नाव ठेवलं शेठ. दार वर गेलं की शेठ बाकीच्यांसारखा दाण्यावर धावायचा नाही, आधी खिडकीच्या कठड्यावर उडी, सुबोधकडे मान वाकडी करून बघायचं, त्याच्या बशीतला, चहात बुडवलेल्या खुसखुशीत बटरचा तुकडा उचलायचा, मग खाली. घरात रविवारी चिकन शिजायचं, सुबोध दोन वेळा रस्सा मागून घ्यायचा, आणि ह्याला बटर. मी चिडवायची, "जावई आहे का तुझा?" तो हसायचा. हसायचा हो! ह्यासाठी मी दहा कोंबड्यांना बटर घातला असता.

एक दिवस मी कामावरून आले तर तो वॉकर घेऊन मागच्या दाराच्या उंबऱ्याशी उभा. आई तुळशीपाशी, श्वास रोखून. एक पाय उचलला, उंबऱ्यावर ठेवला. परत घेतला. "उद्या," म्हणाला. आईंनी त्या रात्री गोडाचा शिरा केला.

आणि उद्याच वाट लागली. शेजारच्या जयाकाकू, देवगडच्या, साखर मागायला म्हणून मागीलदारी आल्या. कोंबडा बघितला आणि खिडकीखालीच उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "प्रेमा, राखणदाराचो ना गो हो? बरो वाढलो. सुबोध चलाक लागलो की गावाक नेतलंस मां?" आई "श्श" करेपर्यंत सगळं बोलून झालं होतं. त्यांची काय चूक? त्यांच्या दृष्टीने ती आनंदाची गोष्ट होती.

त्या संध्याकाळी सुबोध दाराकडे फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी वॉकर कॉटखाली ढकलून दिला. पाय दुखतो म्हणाला. आई तेल लावायला गेल्या तर पाय आखडून घेतला. सकाळी दोरी मात्र ओढायचा, शेठ कठड्यावर यायचा, दोघं एकमेकांकडे बघत बसायचे. मला काय ते कळलं होतं, तरी मी आठवडाभर गप्प बसले. मग एका रविवारी आई दळण आणायला गेल्या तेव्हा माझा तोल गेला.

"पाय दुखतो तो खरा दुखतो का?"

त्याने चादर वर ओढली.

"सुबोध, मी तुझ्याशी बोलतेय. सकाळी मोरीत तू वॉकरशिवाय उभा होतास. मी फटीतून बघितलं."

"मी तिच्यासमोर मागीलदारी चाललो की त्याची मान गेली," तो म्हणाला. "साधा हिशोब आहे."

"कोंबडा आहे रे तो! कोंबडा! मागच्या रविवारी तंगडी कुणी चोखली?"

"ती दुकानातली. हा माझ्याकडे यायचा श्रुतिका. मी हलत नव्हतो, कुणाला तोंड दाखवत नव्हतो, तेव्हा रोज हा यायचा. दुसरं कोण आलं? आकाश एकदा केळी घेऊन आला, दहा वर्षं एका दोरीवर काम केलेला माणूस, दारातूनच गेला. आणि आता मी बरा झालो म्हणून ह्याला कापायचं? मग मी बरा झालो नाही. संपलं."

"म्हणजे जन्मभर ह्या कॉटवर?"

"मग तू सांग काय करू."

मी उठून भांडी आपटली. खरं तर मला त्याचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं आणि त्याला मिठीही मारावीशी वाटत होती. एवढं खुराडं त्याने हवेशीर केलं आणि स्वतःला मात्र चारी बाजूंनी बंद करून घेतलं.

आई आल्यावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. लपवून काय होणार होतं? त्या दळणाचा डबा मांडीवर घेऊन ऐकत राहिल्या. पीठ गरम होतं, त्यांनी झाकण उघडून वाफ जाऊ दिली. मग म्हणाल्या, "माका वाटलेला मी तेका भायर काढतंय. दार तर मियाच लावलंय."

"मग दुसरं गाऱ्हाणं घाला. सांगा देवाला, कोंबड्याच्या जागी नारळ घे."

"देवाक दिलेलो शब्द म्हणजे काय मेथीची जुडी? सकाळी घेतली, सांजेक परत?"

"मग दुसरा कोंबडा वाढवू."

"हेच्या डोक्यावर तांदूळ ठेवलंय मी. हो तेचो झालो." आणि माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घातली. "तू व्हय म्हाराजा म्हटलंस. तू साक्षीक आसस."

मग जे दिवस गेले त्यांच्याबद्दल मला बोलावंसं वाटत नाही. भांडण नव्हतं, ते बरं असतं. घरात तीन माणसं आणि तिघं एकमेकांना ओलांडून चालतायत असं होतं. सुबोध कॉटवर. आई दिवसातून कितीदा तुळशीपाशी जायच्या आणि तोंड उघडून परत यायच्या. देवाला झापणारी बाई, तिला देवापुढे शब्द सापडेनात. मी घागऱ्यांना इस्त्री करत असायची आणि मला गुदमरायला व्हायचं, पंख्याखाली उभी असून. त्या मेलेल्या पिल्लाची वासलेली चोच आठवायची. डॉक्टरने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, आता चालला नाही तर पाय आखडेल, मग ऑपरेशन केलं न केलं सारखं.

हेही मी घरी येऊन सांगितलं. दोघांसमोर. सुबोधने ऐकून घेतलं आणि दोरीच्या टोकाशी चाळा करत राहिला.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, ऊन भिंतीमागे गेलं होतं, कोंबड्या पेरूखाली माती उकरत होत्या. आईंनी भांडी आवरली, हात पुसले. नेहमीचा पाट घेतला. तो मागच्या दाराशी ठेवून त्या रोज संध्याकाळी बाहेर बघत बसायच्या, सुबोध येईल म्हणून. त्यांनी तो पाट उचलला आणि स्वयंपाकघराच्या पलीकडच्या कोपऱ्यात, भांड्यांच्या फळीखाली, भिंतीला तोंड करून ठेवला. त्यावर बसल्या. पाठ आमच्याकडे.

"सुबोधा," त्या म्हणाल्या. एवढ्या मोठ्याने की मला वाटलं गाऱ्हाणंच घालतायत. "मी बोललंय, माझ्या डोळ्यांनी बघलंय तर कोंबो दितलंय. बघलंय तर दितलंय. नाय बघलंय तर नाय. देवाक मी फसवतंय नाय, जा बोललंय ताच करतंय. माझे डोळे आता भिंतीक. तू ऊठ."

सुबोध त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. "आई, असं काय..."

"ऊठ मेल्या! माझी मान दुखता!"

तो उठला. मी कॉटखालून वॉकर काढून दिला. उंबऱ्याशी माझ्या खांद्याची हाडं त्याने दाबून धरली, दाताखाली काहीतरी पुटपुटला. मग डावा पाय बाहेर. मग उजवा. तो मागीलदारी उभा होता. शेठ धावत आला आणि वॉकरच्या पायाला चोच मारली.

"गेलो?" आतून आईंनी विचारलं.

"गेला."

"जमीन खाली जाता काय तेची?"

मी सुबोधकडे बघितलं. त्याच्या तोंडावरून घाम वाहत होता. त्याने मान हलवली. "नाही जात," मी म्हटलं.

"पायात काय घातल्यान?"

"चप्पल."

"चप्पल कित्याक? पायाक माती लागांदे." मी मागे वळून बघितलं. त्या भिंतीवरच्या पोपड्यांकडे बघत ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर.

तेव्हापासून हेच चाललंय. संध्याकाळ झाली की आई पाट घेऊन कोपऱ्यात जातात आणि सुबोध मागीलदारी. मी घरी असले तर दारात उभी राहून सांगत राहते. आज पेरूपर्यंत गेला. आज वॉकर सोडला, काठी घेतली. आज खुराडं झाडलं. डोळ्यांनी बघायचं नाही असं ठरलंय, कानांनी ऐकायला देवाने कुठे मना केलंय? त्या बारीकसारीक विचारतात. टाच आधी टेकवतो की चवडा? मान खाली असते की वर? बापाची, दशरथांची, चाल होती तशी आहे का? ते कामावरून येताना लांबूनच ओळखू यायचे म्हणे. मी सासऱ्यांना कधी बघितलं नाही, मी काय सांगणार? तरी म्हणते, हो आई, तशीच आहे.

सुबोध घरात, पुढच्या दारी, कुठेही त्यांच्यासमोर चालतो. नवसात मागीलदार बोललं गेलं होतं, म्हणून बंदी तेवढीच. पण तुम्ही त्यांना विचारा. मुलगा परत उभा राहिलेला डोळ्यांपुढे आणायचा तर त्यांना मागीलदारीच आणावा लागतो, तुळशीपाशी, जिथे त्यांनी तो मागितला होता. कपडे वाळत घालायला सुद्धा त्या आता तो आत असताना जातात. गावठी कोंबडा किती जगतो ते मी एकदा मोबाइलवर बघितलं. सात-आठ वर्षं. आई सत्तरीच्या पुढे आहेत. मी तो मोबाइल बंद करून ठेवून दिला.

पावसाळा आला आणि गेला. खुराड्यात एक थेंब आला नाही, कोंबड्या कोरड्या खणखणीत. परवा मात्र वाऱ्याने छपराच्या पत्र्याचा एक कोपरा उचलला गेला. संध्याकाळी सुबोध हातोडी घेऊन गेला. आई कोपऱ्यात, लसूण सोलत. मी दारात. पत्र्यापर्यंत हात पोचेना, तसं त्याने इकडे-तिकडे बघितलं आणि काठी पेरूला टेकवून ठेवली. कपडे धुवायच्या दगडावर एक पाय ठेवला. तो वर चढला. गुडघ्याएवढा उंच दगड तो, पण पडल्यापासून हा माणूस पाटावरसुद्धा उभा राहिला नव्हता. दोन्ही पाय वर, हात मोकळे, हातोडी डोक्यावर. त्याने खाली बघितलं. मग समोर, भिंतीपलीकडे बघितलं, आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा ओरडला.

"आई! आई, बघ! वर चढलोय मी! बघ ना गं!"

विसरला होता. आनंदाने सगळं विसरला होता.

मी झटकन मागे वळले. आईंचा चेहरा अर्धा वळला होता, मुलाच्या हाकेला आईचा वळतो तसा. तेवढ्यात त्यांनी लसणाच्या हातांनी दोन्ही डोळे गच्च झाकले.

"बघलंय नाय हां देवा," त्या म्हणाल्या. "काय एक बघलंय नाय. श्रुतिका, तू साक्षीक आसस. सांग तेका. बघलंय मी?"

"नाही आई. नाही बघितलं."

"तसा नाय. नीट सांग."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

त्यांच्या बोटांच्या फटीतून पाणी येत होतं, लसणाचं म्हणाल तर लसणाचं. मी जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर सुबोध अजून हाका मारत होता.